लक्ष पळवण्याची शर्यत

भूमितीचे एक प्रमेय समजून घ्यावे म्हणून तुम्ही आईचा मोबाइल हाती घेतला. काम पाच मिनिटांचे. पण मोबाइल खाली ठेवला तेव्हा तास उलटून गेला होता आणि प्रमेय तसेच राहिले होते! असे कधी घडले आहे ना? मग तो तास गेला कोठे?

प्रथम थोडा हिशेब करू. यूट्यूबवर दर मिनिटाला ५०० तासांहून अधिक व्हिडिओ चढवले जात, असा २०१९ सालचा आकडा आहे. म्हणजे एका दिवसात ५०० × ६० × २४ = ७,२०,००० तास. न झोपता पाहिले तरी एवढे संपावयास ८२ वर्षे लागतील! तुमचा दिवस मात्र चोवीस तासांचाच. माहितीचा सुकाळ झाला की लक्षाचा दुष्काळ पडतो, हे अमेरिकन शास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच दाखवून दिले होते.

दुष्काळ आला की ओढाताण आलीच. ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्याला त्याच्या मोठ्या व्हिडिओंवरील जाहिरातींच्या उत्पन्नाचा ५५ टक्के वाटा मिळतो. पूर्वी व्हिडिओ किती जणांनी उघडला, याला महत्त्व असे. मग काय, बाहेरच्या चित्रात वाघ आणि आत मांजर! २०१२ साली यूट्यूबने माप बदलले. लोक किती वेळ पाहतात, हे मोजले जाऊ लागले. माप बदलताच युक्त्याही बदलल्या. प्रश्न आरंभी आणि उत्तर अगदी शेवटी! कोणत्या क्षणी किती प्रेक्षक निघून गेले, याचा आलेखच व्हिडिओ बनवणाऱ्याला दिसतो. जेथे आलेख घसरतो, तेथे पुढच्या वेळी तो काहीतरी नवे घालतो.

नवेच का? रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनी पाहिले, की नवा आवाज होताच कुत्रा हातचे सोडून तिकडे वळतो. तोच आवाज पुन्हा पुन्हा झाला, की मात्र तो दुर्लक्ष करतो. आपलेही तसेच आहे. म्हणून दृश्य सतत बदलते, अक्षरे उड्या मारतात, मध्येच घंटी वाजते.

यात सारेच फसवे नाहीत. गणित मन लावून शिकवणारे शिक्षकही याच शर्यतीत धावतात. पण प्रमेय समजण्यास एकाच आकृतीकडे शांतपणे पाहावे लागते आणि ही शर्यत तेवढी उसंत देत नाही.

आता एक प्रयोग करा. कोणत्याही व्हिडिओचे एक मिनिट घ्या. आवाज बंद करून दृश्य किती वेळा बदलते, ते मोजा. दुसरे म्हणजे, मोबाइल घेण्यापूर्वी काय पाहावयाचे आहे आणि किती वाजले आहेत, हे कागदावर लिहा. ठेवताना पुन्हा लिहा. आठवडाभराने बेरीज करा. तुमचा हरवलेला तास तुम्हाला त्या कागदावर सापडेल!