चेंगदूच्या वस्तादांचा हात

येत्या १९ सप्टेंबरला जपानमध्ये आइची-नागोया आशियाई क्रीडा स्पर्धा सुरू होतील आणि जलतरणाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवसाच्या फोटोंतच कुणाच्या तरी पाठीवर ते जांभळे गोल डाग दिसतील. २०१६ साली रिओत मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर ते साऱ्या जगाने पाहिले आणि तेव्हापासून खेळाडूंच्या दुखापतीवरचा चिनी इलाज म्हणजे पाठीला वाट्या लावणं, असं समीकरणच होऊन बसलं. पुण्या-मुंबईतल्या क्लिनिकांच्या पाट्यांवरही आता 'कपिंग' लिहिलेलं असतं. वाट्यांना या लेखात याहून जास्त जागा द्यायची नाही. त्यांनी दुखापत भरून येते असं ठामपणे म्हणावं इतका पुरावा नाही. चिनी परंपरेत खेळाडूच्या कामाचं जे सगळ्यात मोलाचं आहे ते वाटीत नाही, हातात आहे. त्या विद्येला तुईना म्हणतात. दाबणं, रगडणं, लोळवणं, पकडणं, ओढणं, सांधा फिरवणं असे तिचे नाना प्रकार आहेत आणि कॅमेऱ्याला दिसेल अशी कुठलीही खूण ती अंगावर ठेवत नाही. म्हणूनच बहुधा तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही.

या विद्येला खेळाच्या मैदानाशी पक्कं जोडणाऱ्यांत एक नाव फार मोठं आहे. झेंग ह्वायश्यान. १८९७ साली हबेई प्रांतात जन्मलेला हा माणूस मुळात लढवय्या, सुन लुतांग या नामांकित वस्तादांचा शागीर्द. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी चीनने आपल्या युद्धकला दाखवायला नऊ जणांचा चमू पाठवला होता, सहा पुरुष आणि तीन स्त्रिया. झेंग त्यात होते. लांब दांड्याचा त्रिशूळ अंगाखांद्यावरून गरगर फिरवायचा, हवेत उडवायचा आणि पुन्हा अंगावर झेलायचा, ही त्यांची खासियत. आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमूही त्याच ऑलिंपिकच्या निमित्ताने बर्लिनमध्ये होता आणि कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं करत होता. विदर्भातले आखाडेवाले आणि चीनमधले आखाडेवाले एकाच उन्हाळ्यात, एकाच शहरात आपापली विद्या जगापुढे मांडत होते. त्यांची गाठभेट झाली असो वा नसो, मला हा योग फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुढे दोन्हीकडच्या विद्येचं जे झालं ते फार वेगळं आहे.

झेंग पुढे सिचुआन प्रांतातल्या चेंगदूला स्थिरावले. युद्धकला शिकवायचे आणि शिकवता शिकवता निखळलेले खांदे बसवायचे, मुरगळलेले घोटे सोडवायचे, मुका मार लागलेल्या मांड्यांवर लेप लावायचे. चीनमध्ये ही जोडी जुनीच. ग्वांगदोंगमधले वोंग फेइ-हुंग हे ज्यांच्यावर पुढे ढीगभर सिनेमे निघाले ते गुरू. त्यांचाही आखाडा आणि दवाखाना एकाच माणसाच्या दोन बाजू होत्या. कोल्हापूरच्या तालमीत वाढलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. डाव शिकवणारे वस्तादच पोराचा सरकलेला सांधा जागेवर आणतात, तेल लावून अंग रगडायला लावतात, आणि चार दिवस मातीत उतरू नकोस म्हणून दमही देतात.

फरक पडला तो १९५० च्या दशकात. नव्या चिनी सरकारने घराण्यांत आणि आखाड्यांत मुरलेले हे हाडवैद्य शोधले आणि त्यांना संस्थांमध्ये आणून बसवलं. १९५६ मध्ये शांघायला तुईनाचा प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. १९५८ मध्ये बीजिंगला मालिशचं स्वतंत्र रुग्णालय निघालं, तिथे अंध वैद्य मोठ्या संख्येने काम करत आले आहेत. त्याच वर्षी चेंगदूच्या क्रीडा महाविद्यालयाला जोडून खेळाडूंच्या दुखापतींचं रुग्णालय उभं राहिलं आणि त्याची धुरा झेंग यांच्याकडे आली. त्यांनी आपले लेप आणि आपला हात दोन्ही विद्यार्थ्यांपुढे उघडे केले. घराण्याबाहेर विद्या जाऊ द्यायची नाही ही रीत ज्या समाजात घट्ट होती, तिथे हे सोपं नव्हतं. १९८१ साली ते गेले तेव्हा त्यांच्या पद्धतीचे विद्यार्थी क्रीडावैद्यकात काम करत होते.

चेंगदूचं रुग्णालय उभं राहिलं त्याच सुमारास तियानजिनमध्ये एक आणखी मोठी गोष्ट घडत होती. फांग श्यानझी हे आधुनिक पद्धतीने शिकलेले अस्थिशल्यविशारद. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावठी हाडवैद्यांच्या छोट्या लाकडी पट्ट्या एक्स-रेच्या खाली तपासल्या. वरचे आणि खालचे सांधे प्लास्टरमध्ये जखडून न टाकता मोडलेलं हाडच तेवढं आवळून धरायचं आणि बोटं-मनगट लवकर हलवायला लावायचं, ही हाडवैद्यांची रीत त्यांनी पुष्कळ रुग्णांवर वापरली आणि १९६० च्या दशकात वैद्यकीय नियतकालिकातून मांडली. शहाणपण कुणाचं हे न बघता ते एक्स-रेखाली ठेवायचं, जे टिकेल ते घ्यायचं. माझ्या मते चिनी वैद्यकाची सगळ्यात अनुकरणीय गोष्ट हीच.

आता प्रत्यक्ष हाताकडे येऊ. शांघायच्या दिंग जीफंग यांनी १९४० च्या दशकात विकसित केलेली एक क्रिया आहे, तिला गुनफा म्हणतात. हाताची मूठ अर्धवट सैल, करंगळीकडची मागची बाजू स्नायूवर टेकलेली, आणि मनगट पुढे-मागे झुलत राहतं. मिनिटाला १२० ते १६० वेळा, एकाच लयीत. त्वचेवर घासत नाही, आतल्या स्नायूवर लोळतं. विद्यार्थी आधी तांदळाच्या किंवा वाळूच्या पिशवीवर हा सराव करतात, महिनोन्महिने, आणि मगच माणसाच्या अंगाला हात लावतात. १७४२ मध्ये चिनी दरबाराने तयार करून घेतलेल्या वैद्यकग्रंथात हाडं बसवण्याच्या आठ हस्तक्रिया दिल्या आहेत. त्यांतली पहिली चाचपण्याची आहे. दाबणं, ढकलणं, ओढणं नंतर. आधी बोटांनी समजून घ्यायचं की सूज कुठे आहे, हाड कुठे आहे, स्नायू कुठे ताठलाय आणि कुठे तुटलाय.

घोट्याचं उदाहरण घेतो, कारण बॅडमिंटनपासून कबड्डीपर्यंत सगळ्यात जास्त मुरगळतो तो घोटाच. पाय आतल्या बाजूला वळला, बाहेरचं लिगामेंट ताणलं गेलं, पाचेक मिनिटांत अंड्याएवढी सूज. इथे पहिला प्रश्न हाडाचा. दुखापतीनंतर लगेच आणि नंतर दवाखान्यातही चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर, टोकावर दाबल्यावर कळ येत असेल, तर आधी एक्स-रे. हा कॅनडातल्या ओटावा इथल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये घालून दिलेला नियम आहे आणि कुठल्याही परंपरेच्या वैद्याने तो पाळलाच पाहिजे. हाड शाबूत आहे हे कळलं की तुईनाचा खरा कस लागतो, आणि तो न करण्यात आहे. पहिले एक-दोन दिवस सुजेवर जोराने हात चालवायचा नाही. हात चालतो तो पोटरीवर, गुडघ्याखाली, ताठलेल्या स्नायूंवर, आणि सुजेच्या कडेने वरच्या दिशेला अगदी हलका. सूज ओसरू लागली की अंगठा लिगामेंटच्या धाग्यांना आडवा फिरतो. एका हातात टाच, दुसऱ्यात पावलाचा पुढचा भाग धरून हळूच ताण देत सांधा फिरवला जातो, कळ येईल तिथवर नाही, तिच्या अलीकडेपर्यंत. मग वनस्पतींच्या गरम काढ्याचा शेक, मग एका पायावर उभं राहायचा सराव. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. मैदानातून आणल्या आणल्या कुणीतरी जोरजोरात चोळतं, 'रक्त मोकळं करतो' म्हणत कडकड वाजवतं, आणि आठवड्याची दुखापत महिन्यावर जाते. चिनी परंपरेत मला सगळ्यात जास्त पटतं ते हे वेळेचं भान.

बर्फाचं काय, हा प्रश्न इथे येतोच. जुने चिनी वैद्य मुरगळलेल्या सांध्यावर बर्फ लावायच्या विरोधात असत. थंडीने रक्त गोठून बसतं, असं त्यांचं म्हणणं. गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी १९७८ मध्ये विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच हे सूत्र दिलं आणि ते जगभरच्या ड्रेसिंग रूमच्या भिंतीवर लागलं. त्याच मर्किन यांनी पुढे लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती दुखापत भरून यायला उशीर लावू शकतात. २०१९ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये आलेल्या नव्या सूत्रातूनही बर्फ वगळला गेला आणि लवकर हालचालीवर भर आला. वेदना कमी करायला थोडा वेळ बर्फ लावायला हरकत नाही. पण 'गोठलेल्या रक्ता'ची भाषा चुकीची होती म्हणून तिच्यामागचं निरीक्षणही चुकीचं होतं, असं म्हणता येत नाही.

पुरावा काय सांगतो? कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात ११ तरुणांना थकेपर्यंत सायकल चालवायला लावून एकाच मांडीला दहा मिनिटं मालिश केली आणि दोन्ही मांड्यांतून स्नायूंचे तुकडे काढून तपासले. २०१२ चा हा अभ्यास. मालिश केलेल्या स्नायूत दाहाचे संकेत कमी आढळले. लॅक्टिक आम्ल 'वाहून जातं' हा समज मात्र त्यात टिकला नाही. २०२१ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी उंदरांच्या जखमी स्नायूंवर यंत्राने मोजून-मापून दाब दिला, तेव्हा दाह वाढवणाऱ्या पेशी लवकर निघून गेल्या आणि स्नायू अधिक बळकट होऊन भरला. दुसरीकडे २०२० मध्ये शेफील्डच्या संशोधकांनी २९ अभ्यास एकत्र तपासले. मालिशने धाव, उडी, ताकद यांत वाढ दिसली नाही. लवचीकता थोडी वाढली, व्यायामानंतरचं अंग दुखणं थोडं कमी झालं. हे अभ्यास मालिशचे आहेत, तुईनाचेच असे नाहीत. तरी माझं मत असं की हात पदक मिळवून देत नाही, पण दुखावलेल्याला पुन्हा उभं करायला मदत करतो.

मर्यादा चीनलाही ठाऊक आहेत. १८ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगच्या 'पक्ष्याचं घरटं' या ऑलिंपिक स्टेडियमात चीनचा धावपटू लिऊ श्यांग ११० मीटर अडथळ्यांची शर्यत न धावताच परत फिरला आणि अख्खा देश हळहळला. टाचेच्या टेंडनच्या मुळाशी वाढलेल्या हाडाला हात काय करणार? डिसेंबरमध्ये त्याची शस्त्रक्रिया झाली ती अमेरिकेत, ह्यूस्टनला. मानेला अचानक झटका देऊन 'सरळ' करण्याच्या क्रियेपासूनही खेळाडूंनी लांब राहावं. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी त्यात फाटू शकते.

आणि औषधांबाबत तर कमालीची सावधगिरी हवी. हाडवैद्यांच्या अनेक जुन्या लेपांत बचनागाच्या जातीची मुळं असतात. पोटात गेली तर ती जीवघेणी ठरतात. बचनागाच्या काही जातींत आणि कमळाच्या बीजाच्या कोंबात हिजेनामीन असतं, आणि २०१७ पासून जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी-यादीत त्याचं नाव स्पष्ट छापलेलं आहे. २०११ च्या महिला फुटबॉल विश्वचषकात उत्तर कोरियाच्या पाच खेळाडू स्टेरॉइडसाठी दोषी आढळल्या. वीज पडून जखमी झाल्यावर कस्तुरीमृगाच्या ग्रंथीचं पारंपरिक औषध दिलं, असा खुलासा त्यांच्या संघाने केला. बंदी टळली नाही. वाघाच्या हाडांचे लेपही याच परंपरेतले. चीनने १९९३ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली, पण तोवर आणि नंतरही त्या मागणीची किंमत आपल्या जंगलांनी मोजली. हात घ्यावा, पुडी घेऊ नये, एवढं मी कुठल्याही पालकाला निःशंकपणे सांगेन.

महाराष्ट्रात फिजिओथेरपीची महाविद्यालयं आहेत, बालेवाडीचं क्रीडासंकुल आहे, कुस्तीला आणि कबड्डीला पोरं कमी पडत नाहीत. आणि दुसऱ्या टोकाला तालमींतले वस्ताद आणि गावोगावचे हाडवैद्य आहेत. या दोन टोकांमध्ये कागद नाही, एक्स-रे नाही, साधी नोंद नाही. तियानजिनमध्ये जे झालं ते इथे करायला परदेशी तज्ज्ञ लागत नाही. एखाद्या महाविद्यालयाने कोल्हापूर-सांगलीच्या पाच-दहा वस्तादांना सन्मानाने बोलवावं. त्यांचा हात चालताना चित्रित करावा. कुठल्या दुखापतीला ते कधी हात लावतात आणि कधी लावत नाहीत हे विचारून घ्यावं, आणि सोनोग्राफीखाली स्नायूत काय होतं ते तपासावं. त्यातलं अर्धं कदाचित फेकून द्यावं लागेल. उरलेलं अर्धं पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तांदळाच्या पिशवीवर शिकवायला घ्यावं.