तबकडीनें न जागणारा संगणक

एकत्र कुटुंबांत एखादी वस्तु बिघडली म्हणजे माणशीं एक मत निघतें, आणि प्रत्येक मत स्वतःच्या हातानें अंमलांत आणलें जातें. गेल्या श्रावणांत पनवेलास आमच्या घरीं हाच अनुभव आला. आमच्या वडील बंधूंनीं सहा वर्षें खपून आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत ज्या संगणकावर लिहिला, तो एके सकाळीं सुरू होईना. पडद्यावर उत्पादकाचें नांव उमटे आणि पुढें काळोख! दुरुस्ती करणारानें निकाल दिला, "सगळें पुसून नव्यानें भरावें लागेल." कुलवृत्तांताची दुसरी प्रत नव्हती. दादा कांहींच बोलले नाहींत. पण त्या रात्रीं त्यांच्या ताटांतला भात तसाच राहिला.

संगणक सुरू झाला नाहीं म्हणजे त्यांतील लेखन नाहींसें झालें, असें मात्र नव्हे. पुष्कळदां बिघडते ती यंत्र चालविणारी प्रणाली. हार्ड डिस्कवरील लेखन शाबूत असतें. अशा वेळीं तबकडीवरून दुसरी प्रणाली चालवून तें बाहेर काढतां येतें. आमच्या पुतण्यानें लिनक्स प्रणालीची डीव्हीडी तयार केली. परंतु संगणक तिनेंहि जागा होईना. मग एकानें जोडतार काढली, दुसऱ्यानें क्रम बदलला, तिसऱ्यानें तबकडी पुसली. आणि कशानें काय झालें हें कोणासच कळेना. तेव्हां आम्हीं ठरविलें कीं, एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची.

प्रथम क्रम पाहिला. संगणक चालू होतांच 'बायोस' नामक लहानशी आज्ञावली जागी होऊन ठराविक क्रमानें एकेक दार ठोठावते. हार्ड डिस्कचें दार आधीं उघडलें, तर ती तबकडीकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. आरंभींच एफ२, एफ१२ किंवा डिलीट यांपैकीं त्या यंत्राची जी कळ असेल ती दाबून तबकडीस पहिला मान द्यावा. कांहीं तबकड्या "कोणतीहि कळ दाबा" अशी सूचना क्षणभर देतात. तीहि हुकतां कामा नये. आमचा क्रम बरोबर होता.

पुढें ड्राइव्ह तपासला. सीडीसाठीं 780 व डीव्हीडीसाठीं 650 नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर किरण लागतो. म्हणून गाणीं वाजविणारा ड्राइव्ह डीव्हीडी वाचीलच असें नाहीं. पनवेलच्या पावसाळी दमट हवेंत भिंगावर मळहि बसतो. आम्हीं लग्नाच्या चित्रणाची एक डीव्हीडी शेजारच्या संगणकावर चालते याची खात्री करून घेतली, व ती दुसऱ्याच एका संगणकाकरवीं आमच्या ड्राइव्हमध्यें लावून पाहिली. ती चालली. ड्राइव्ह निर्दोष ठरला.

उरली तबकडी. ती शेजारच्या संगणकासहि जागवीना, दोष तिच्यांतच! उघडून पाहतां आंत 'आयएसओ' नांवाची एकच फाइल दिसली. येथेंच मेख होती. 1995 सालीं फिनिक्स व आयबीएम यांनीं 'एल टोरिटो' हा संकेत ठरविला. हें नांव कॅलिफोर्नियांतील एका उपाहारगृहाचें! त्या संकेताप्रमाणें तबकडीच्या 17 क्रमांकाच्या खंडांत आरंभाची आज्ञा कोठें आहे याची खूण असते, आणि बायोस तीच शोधते. फाइल नुसती उतरवून घेतल्यास ती खूण जागेवर पडत नाहीं. पेटींत घातलेली किल्ली कुलुपास कशी लागावी? 'बर्न इमेज' या आज्ञेनें फाइल उलगडून लिहिली, म्हणजे आंत अनेक फोल्डर दिसतात.

तशी नवी तबकडी मंद गतीनें लिहून घातली, आणि पडदा उजळला. कुलवृत्तांत जसाच्या तसा होता. दादांनीं पहिलें पान उघडून आजोबांचें नांव वाचलें व चष्मा पुसला.

नव्या संगणकांत बायोसच्या जागीं 'यूईएफआय' असतें, व त्यांतील 'सिक्युअर बूट' हा पहारेकरी अनोळखी प्रणालीस अडवितो, तेंहि तपासावें. ड्राइव्ह नसेल तेथें पेन ड्राइव्ह चालतो. पण त्यावरहि फाइल उलगडूनच लिहावी लागते. वाचकांस आमची विनंती एवढीच कीं, क्रम, ड्राइव्ह आणि तबकडी एकामागून एक तपासल्यावांचून "पुसून टाका" या सल्ल्यास होकार देऊं नये. आतां कुलवृत्तांताची एक प्रत आमच्या कपाटांत आहे, आणि एक पुण्यास ताईंच्या घरीं.