‘सगळं आवरलं की शांत बसेन’

संध्याकाळी कुकरची शिट्टी होत असते. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उद्या कार्डपेपर आणायचा निरोप आलेला असतो, ऑफिसची मेल अर्धवट राहिलेली असते आणि सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्यात हे नेमकं तेव्हाच आठवतं. यातलं एकही काम अवघड नाही. तरी डोकं भणभणतं, काही सुचेनासं होतं. अशा वेळी जवळची माणसं जे सांगतात ते मायेपोटीच असतं, पण त्यातलं बरंच चुकीचं असतं.

सगळ्यात खोल रुजलेला समज असा, की एकदा सगळं हातावेगळं झालं की मन आपोआप शांत होईल. घरकामाला मुळात शेवट नाही. आज भरलेला डबा उद्या पुन्हा भरायचाच असतो. त्या शेवटाची वाट बघत राहिलं तर शांत बसायची वेळ कधीच येत नाही. आणि तशी वाट बघायची गरजही नाही. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्ये मांडलं होतं, की पुरं झालेल्या कामापेक्षा अर्धवट राहिलेलं काम माणसाच्या जास्त लक्षात राहतं. स्मरणाबद्दलचा त्यांचा निष्कर्ष पुढच्या सगळ्या प्रयोगांत टिकला नाही, पण त्या धाग्यावरून झालेलं नंतरचं काम फार उपयोगी आहे. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अपुऱ्या राहिलेल्या उद्दिष्टाचे विचार लोकांच्या वाचनात मधे मधे येत होते. ज्यांना ते कधी आणि कसं पुरं करायचं हे नेमकं ठरवू दिलं, त्यांच्या वाचनातला हा व्यत्यय मात्र थांबला. काम तसंच बाकी होतं, फक्त त्याचा बेत ठरला होता.

अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ५७ तरुणांवर झालेला २०१८ चा प्रयोगही याच दिशेचा. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं काहींनी पुढच्या दिवसांतली कामं लिहिली, तर काहींनी होऊन गेलेली. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं आधी झोप लागली, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी ती लवकर लागली. प्रयोग छोटा आहे, तरी मला तो मोलाचा वाटतो, कारण करून बघायला वही आणि पेन एवढंच लागतं. वहीत ‘गोळ्या’ एवढंच लिहू नका. ‘उद्या येताना स्टेशनजवळच्या मेडिकलमधून गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी आत्ताच पर्समध्ये’ असं लिहा. एका वेळी माणसाच्या ध्यानात साधारण चारच गोष्टी नीट मावतात, असं नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये दाखवलं होतं. वीस गोष्टी डोक्यात धरून हिंडणारी बाई विसरते, यात तिचा काय दोष?

‘मनात ठेवू नकोस, आदळआपट करून मोकळी हो’ हा सल्ला तर सरळ चुकीचा आहे. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात चिडवणाऱ्या माणसाचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग सर्वांत जास्त राहिला. दोन मिनिटं काहीही न करता बसलेल्यांचं वागणं सर्वांत कमी आक्रमक होतं. विश्वासातल्या माणसाशी बोलणं ही वेगळी गोष्ट, ते जरूर करावं.

ध्यानाबद्दलचा गैरसमज मला जास्त सलतो, कारण त्यापायी पुष्कळ जण दोन दिवसांत नाद सोडतात. मनात विचार येऊच नयेत, ही ध्यानाची अट नाही. लक्ष भरकटतं, भरकटलं हे कळतं आणि ते पुन्हा श्वासावर आणायचं. हाच सराव आहे. तेवढाही वेळ नसेल तर गॅसपाशी उभ्या उभ्या श्वास सावकाश सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. श्वास सोडताना व्हेगस मज्जातंतूचा हृदयावरचा प्रभाव वाढतो आणि ठोके मंदावतात. याने कामं कमी होत नाहीत, पण पुढचं पाऊल कुठलं हे दिसायला लागतं. स्वतःशी बोलताना ‘मी’ऐवजी स्वतःचं नाव घेतलं तर प्रसंगाकडे थोडं लांबून बघता येतं, असं ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांना २०१४ मध्ये आढळलं. अभंगाच्या शेवटी स्वतःच्या नावानिशी बोलणाऱ्या जनाबाई-तुकोबांच्या मुलखात हे अवघड जाऊ नये.

आता ‘तूच मनाला फार लावून घेतेस’ याबद्दल. ताण फक्त स्वभावातून येत नाही. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं, की मागण्या भरपूर आणि निर्णय मात्र आपल्या हातात नाहीत, असं काम माणसाला सर्वांत जास्त थकवतं. लंडनच्या सरकारी नोकरांच्या व्हाइटहॉल अभ्यासातही हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या साहेबांपेक्षा तळच्या श्रेणीत तिपटीहून जास्त होते. धूम्रपान, रक्तदाब जमेस धरूनही तो फरक पूर्ण मिटला नाही.

आपल्याकडे २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. मनाच्या खंबीरपणाचे धडे देण्याआधी हे दोन आकडे बघायला हवेत. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर वही आणि श्वासावर न थांबता डॉक्टरांना दाखवावं. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे. जगणं नकोसं वाटत असेल तर एक दिवसही वाट बघू नये.

आणि घरात ‘तू फक्त सांग, मी करतो’ हे वाक्य मदतीचं म्हणून बोललं जातं. पण लक्षात कुणी ठेवायचं, हे त्यात तिच्याकडेच राहतं. म्हणून वाटायचं तर अख्खं काम वाटावं. सिलिंडर ज्याच्याकडे, त्याने तो संपत आलाय हे बघायचं, नंबर लावायचा, पैसे तयार ठेवायचे आणि गाडी येईल तेव्हा दारात कोण असेल तेही ठरवायचं. सुरुवातीला एखाद्या वेळी सिलिंडर संपेल. तेव्हा तिने धावत जाऊन तो नंबर लावू नये.