भूकंपात जमीन कशी फाटते?

देवगड तालुक्यातील मिठबावसारख्या किनाऱ्यावरील गावात जांभ्याच्या सड्याला भेग असणे ही नवलाची गोष्ट नव्हे. जांभा सच्छिद्र असतो आणि त्याखालचा थर बहुधा मऊ असतो. पावसाचे पाणी तो थर पोखरते, कड्याच्या पायथ्याशी लाटा तेच काम करतात आणि वरचा दगड आपल्याच भाराने तडकतो. मात्र भूकंपाचा हादरा बसल्यानंतर अशी भेग दृष्टीस पडली, की ‘धरणी फाटली’ अशी वार्ता वाडीवाडीतून पसरते. ती भेग खरोखरच भूगर्भातून वर आलेली आहे काय, हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नाही. शाळेची इमारत किंवा पाण्याची टाकी कोठे बांधावी, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून राहते.

भूकवचातील खडक ज्या पृष्ठावर तुटून एकमेकांवरून सरकलेले असतात, त्यास प्रस्तरभंग म्हणतात. भारतीय भूखंड दरवर्षी सुमारे ५ सेंटिमीटर या गतीने उत्तर-ईशान्येकडे रेटला जात आहे. त्या रेट्याने खडकांत ताण साठत जातो. परंतु घर्षणामुळे प्रस्तरभंगाच्या दोन्ही बाजू एकमेकींना धरून राहतात. वाकविलेली वेताची छडी जशी एका क्षणी मोडते व तिची टोके सरळ होतात, तसेच खडकांचे होते. घर्षणाची पकड सुटते, दोन्ही बाजू झटक्याने सरकतात आणि हीच फूट सेकंदाला दोन-तीन किलोमीटर वेगाने पुढे धावते. १९०६ सालच्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपाचा अभ्यास करून हॅरी रीड या अमेरिकन शास्त्रज्ञाने हा सिद्धांत १९१० मध्ये मांडला. त्या भूकंपात रस्ते व कुंपणे मधोमध तुटून काही ठिकाणी ६ मीटरपर्यंत बाजूला सरकली होती. कोकणातील चिऱ्यांचा सरळ गडगा एका जागी तुटावा आणि त्याचा पुढचा भाग शेजाऱ्याच्या कुणग्यात जाऊन उभा राहावा, तसा हा प्रकार होय.

फूट नेहमी आडवीच सरकते असे नाही. १६ जून १८१९ रोजी कच्छच्या रणात जमिनीचा एक लांबच लांब पट्टा काही मीटर वर उचलला गेला. नदीचा प्रवाह अडविणाऱ्या या नैसर्गिक बांधास लोकांनी ‘अल्लाबंद’ हे नाव दिले. माणसाने नव्हे, ईश्वराने घातलेला बांध, हा त्याचा अर्थ.

महाराष्ट्रात या विषयाचा पहिला मोठा धडा कोयनेने दिला. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर परिसर हादरला. धक्का मुंबई, पुणे व गोव्यापर्यंत जाणवला. शिवाजीसागर जलाशयातील पाणी आणि हे भूकंप यांचा संबंध आज सर्वमान्य आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय ठरेल. येथे महत्त्वाच्या आहेत त्या धरणाच्या दक्षिणेस दोनाचीवाडा, कडोली, नानेल या गावांच्या परिसरात दिसलेल्या भेगा. साधारण उत्तर-ईशान्य दिशेने सुमारे ४ किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात त्या पसरल्या होत्या. ती एकच अखंड चीर नव्हती. शिडीच्या तिरप्या पायऱ्यांप्रमाणे लहान लहान भेगा एकापुढे एक मांडल्या गेल्या होत्या. खालचा खडक आडवा सरकला, की वरच्या मातीत अशी रचना उमटते. पुढे गोठणे येथे सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले. तेव्हा बेसाल्टचे थर सुमारे सव्वा हजार मीटरवर संपून त्याखाली अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक लागले. कोयनेचे भूकंप प्रामुख्याने या खालच्या खडकांत उगम पावतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत वेगळेच घडले. सुमारे आठ हजार माणसे दगावली. त्या शोकात गावाजवळच्या शेतातील एका अरुंद उंचवट्याकडे पाहण्यास सवड कोणाला असणार! परंतु तेथे जमिनीचा एक भाग दुसऱ्यावर चढला होता. उंची मीटरभरही नव्हती आणि लांबी जेमतेम किलोमीटर. कोयनेला आडवी सरक, तर येथे चढ. ज्या पठारास स्थिर मानले जाई, त्याच्या पोटातही फूट पडू शकते, याचा हा दाखला.

याउलट, २६ जानेवारी २००१ चा भूजचा भूकंप या दोहोंहून कितीतरी मोठा असूनही त्याची मूळ फूट पृष्ठभागापर्यंत पोहोचली नाही. तेथे जमिनीला भेगा असंख्य पडल्या, वाळू-पाण्याची कारंजीही उडाली. पण पाण्याने भरलेली सैल वाळू हादऱ्याने पातळ होऊन हे सारे झाले. म्हणजेच भूकंपानंतरची प्रत्येक भेग प्रस्तरभंग नसते.

मिठबाव कोयनेपासून सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे. एवढ्या अंतरावर हादरा जाणवतो, जुन्या भिंतींना तडे जातात, एखादी विहीर ढासळते. परंतु कोयनेची फूट काही तेथवर येत नाही. खरी फूट चढ-उतार न जुमानता डोंगर, ओहोळ व शेते ओलांडून एकाच दिशेने जाते आणि तिच्या दोन बाजूंस गडगा, पायवाट किंवा झाडांची रांग जुळत नाही. कड्याच्या वा उताराच्या काठाला समांतर, चंद्रकोरीसारखी वळणारी आणि उताराकडील बाजू खचलेली भेग मात्र दरडीची असते. कोकणात भय अधिक तिचे. माळीण (२०१४) व तळिये (२०२१) येथे भूकंपाविना, केवळ पावसाने डोंगर खाली आला. अशी भेग दिसल्यास खालची घरे रिकामी करून तहसील कार्यालयास कळविणे, हे काम पंचनाम्याची वाट पाहत थांबू नये.

भूकंपानंतर दिसलेल्या भेगेची दिशा, लांबी आणि दोन्ही काठांतील सरक शिक्षकांना होकायंत्र व टेप घेऊन विद्यार्थ्यांसह सहज मोजता येईल. जवळ मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे व नोंद भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे पाठवावी. हे पहिल्या काही दिवसांतच व्हावयास हवे. कारण नांगर फिरला आणि एक पावसाळा गेला, की वीतभर उंचीची खूण शेतात शोधूनही सापडत नाही.