तक्रार नाही

विधी सेवेच्या कामासाठी मराठवाड्यातल्या एका कारागृहाच्या महिला विभागात मी काही महिने जात होते. छत्रपती संभाजीनगरातून सकाळची एसटी, गेटवर मोबाइल जमा, पर्सची झडती, रजिस्टरात सही. आत एक टेबल, दोन खुर्च्या. टेबल बरोबर दारात आणि दाराला टेकून रक्षक बाई.

बायका एकेक करून येत. वकील कोण, पुढची तारीख कधी, जामीन झालाय पण जामीनदार मिळत नाही, पोर कुणाकडे ठेवलंय, इथवर सगळ्या भडाभडा बोलत. फॉर्मच्या शेवटी एक रकाना होता : कारागृहाबाबत काही तक्रार? तिथं आलं की नजर आधी माझ्या खांद्यावरून मागे जायची, मग उत्तर यायचं, "न्हाई ताई, समदं बरं हाय." एकीच्या मनगटावर हिरवट पडत चाललेला वळ होता. विचारलं तर म्हणाली, "नळावर पडले," आणि पदर ओढून घेतला. मागून आवाज आला, "मॅडम, आवरा आता."

साबण, पॅड, चहा, भेटीतली पाच मिनिटं, फोनचा नंबर, आत सगळं कुणाच्या तरी हातून येतं. तो हात आखडला तर कोर्टात जाण्याइतकी ती गोष्ट मोठी नसते. पण दिवस काढणं मुश्कील होतं.

भायखळ्याच्या महिला कारागृहात दोन अंडी आणि पाच पाव हिशेबात कमी भरले होते. मंजुळा शेट्ये जन्मठेपेची कैदी. चांगल्या वागणुकीमुळे इतर कैद्यांवर देखरेख करणारी वॉर्डर झालेली. त्यावरून झालेल्या मारहाणीनंतर २३ जून २०१७ रोजी तिचा मृत्यू झाला. मारल्याच्या आरोपावरून अटक झालेल्या सहाही जणी कारागृहाच्याच कर्मचारी, सगळ्या बायका. महिला कर्मचारी नेमल्या की काम झालं, असं मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. मंजुळाच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी कैदी बायका निषेध म्हणून छतावर चढल्या, तेव्हा दोनशेहून अधिक जणींवर दंगलीचा गुन्हा दाखल झाला. तोंड उघडल्याची किंमत ती.

पत्रकार शीला बर्से यांनी १९८२च्या मे महिन्यात मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात पंधरा महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. पाच जणींनी पोलीस लॉकअपमधल्या मारहाणीचं सांगितलं. मला वाटतं, त्या बोलू शकल्या कारण तो लॉकअप मागे पडला होता. ज्या भिंतीआड आज रात्री झोपायचंय, तिच्याबद्दल कोण बोलेल? बर्से यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयानं निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या डॉ. देसाईंना त्याच कारागृहात पाठवलं, ते कैद्यांशी एकांतात बोलण्यासाठी. १५ फेब्रुवारी १९८३च्या निकालात महिलांसाठी वेगळे लॉकअप आणि न्यायाधीशांच्या अचानक भेटी आल्या. त्या सगळ्यांच्या आधी आला होता हा एकांत.

वळ झाकणाऱ्या त्या बाईच्या फॉर्मवर मी स्वतःच्या हातानं 'तक्रार नाही' लिहिलं आणि तिचा अंगठा घेतला. विधी सेवेच्या यादीवर नव्यानं नाव घातलेल्या वकील मैत्रिणींनो, फॉर्म काढायच्या आधी ते टेबल दारातून हलवायला सांगा. नाही हलवलं, तर रकान्यात तेच लिहा.