बॅटरीचे वजन आणि शेतकऱ्याचा हिशेब

विजेचा ट्रॅक्टर अथवा फवारणीचा ड्रोन घेऊ इच्छिणाऱ्या वाचकांनी किमतीइतकाच बॅटरीच्या वजनाचाही विचार करावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

एक किलो डिझेलमध्ये सुमारे १२ युनिट उष्णता असते. इंजिनात तिचा एकतृतीयांश भाग जरी कामी आला, तरी ४ युनिट पदरात पडतात. उलट लिथियम-आयन बॅटरीच्या संपूर्ण संचात दर किलोस सुमारे ०.१५ युनिटच मावते. शिवाय डिझेल जळेल तशी टाकी हलकी होते. बॅटरी रिकामी झाली तरी तिचे ओझे कायम राहते.

ट्रॅक्टरास हे ओझे सर्वस्वी वाईट नव्हे. त्याने चाकांची पकड वाढते. मात्र ओल्या रानात जमीन दडपते. उडणाऱ्या यंत्रास तर ते फारच जाचक होते. युरोपात जून २०२० मध्ये मान्यता मिळालेले ‘वेलिस इलेक्ट्रो’ हे दोन आसनांचे विमान भारासह ६०० किलोंचे असून, राखीव वीज वगळता सुमारे ५० मिनिटेच उडते. फवारणीच्या ड्रोनची बॅटरीही याच कारणाने वारंवार बदलावी लागते.

विक्रेत्याने सांगितलेला आकडा पुष्कळदा सुट्या सेलचा असतो. पेटी, तारा व थंड राखण्याची योजना यांचे वजन त्यात धरलेले नसते. म्हणून संपूर्ण संचाचे वजन किती व त्यात युनिट किती, हे दोन प्रश्न विचारावेत आणि भागाकार स्वतः करून मगच पैसे मोजावेत.