रावस, दाढा आणि विलायती सामन : एका नावाखाली किती मासे?

गेल्या हिवाळ्यात कोल्हापुरातील एका हॉटेलात आम्ही चौघे जेवायला बसलो होतो. आखातातून सुट्टीवर आलेले आमचे एक स्नेही बरोबर होते. जेवणाच्या कार्डावर 'सामन फ्राय' असे छापलेले होते आणि दर सुरमईच्या दीडपट होता. स्नेह्यांनी तिकडे सामन पुष्कळ खाल्लेला, म्हणून त्यांनी हौसेने तो मागवला. ताटलीत आले ते पांढरे, मोठे पदर सुटणारे तुकडे. चव उत्तम होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो सामन नव्हता. तो आपला रावस होता. वेटरला विचारले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, रावसालाच इंग्रजीत सामन म्हणतात."

वेटर खोटे बोलत नव्हता. इंग्रजांनी रावसाला 'इंडियन सामन' हे नाव दिले आणि ते आजही बाजारात चालते. परंतु 'इंडियन' हा शब्द गाळून नुसता 'सामन' शिल्लक ठेवला की नावाचा अर्थ बदलतो आणि दरही बदलतो. समुद्रापासून सव्वाशे किलोमीटरवर राहणाऱ्या कोल्हापूरकर गिऱ्हाइकाला मासा ओळखण्याची सवय कमी. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे हे गाव मटणाचा तुकडा लांबून पारखील, पण माशाच्या बाबतीत विक्रेत्याच्या शब्दावरच त्याची भिस्त असते. म्हणून या नावामागे नेमके कोणते मासे आहेत, याचा शोध घ्यायचे आम्ही ठरवले.

राजिवड्याच्या होडीतून

एका रात्री मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली असे करीत आम्ही पहाटे रत्नागिरीला पोहोचलो. काजळी नदी जेथे समुद्राला मिळते त्या भाट्ये खाडीच्या काठी राजिवडा आहे. येथील अनेक मुस्लिम कुटुंबे पिढ्यान् पिढ्या मासेमारीवर जगत आली आहेत. कोकण किनाऱ्यावरील दालदी समाजाचा तर हा परंपरागत व्यवसायच. ओळखीच्या एका तांडेलाने आम्हाला आपल्या लहान होडीत घेतले.

रावस हा उथळ, गढूळ पाण्याचा मासा. खाडीची मुखे, चिखलाचा तळ, जेथे कोळंबी जास्त तेथे तो येतो. गळाला जिवंत कोळंबी लावली तर तो चटकन धरतो. मेलेल्या आमिषाकडे तो सहसा फिरकत नाही, असे तांडेलाने सांगितले. भरती चढू लागली तसे आम्ही गळ टाकले. पाच तासांत दोन शिंगाळे आणि दोन किलोचा एक रावस एवढेच हाती लागले. गळ लागताच रावसाने जी धाव घेतली, तिने आमच्यातील एकाचे बोट दोरीने कापले. या माशाला शौकीन लोक का मानतात ते तेव्हा समजले.

तांडेलाने मासा हातात धरून त्याच्या छातीच्या पंखाखाली लोंबणारे धागे आम्हाला मोजायला लावले. ते चार भरले. "चार दोरे तो रावस, पाच दोरे तो दाढा. कोल्हापुरात काय नावाने विकता ते तुमचे तुम्ही जाणा," असे म्हणून तो हसला. या धाग्यांनी मासा गढूळ पाण्यात तळाशी भक्ष्य चाचपतो. खऱ्या सामनला असे धागे नसतात. अख्खा मासा समोर असेल तर ही एकच खूण पुरेशी आहे.

विलायती सामन

खरा सामन थंड पाण्याचा. तो नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा नदीत चढतो. पॅसिफिक महासागराकडील सामन अंडी घातल्यावर मरून जातात. अटलांटिकमधील काही वाचतात व पुन्हा समुद्रात जातात. आपल्या उष्ण नद्यांत तो जगू शकत नाही. काश्मीर, हिमाचलच्या थंड ओढ्यांत इंग्रजांनी आणून सोडलेला ट्राउट हा त्याचा जवळचा भाऊबंद.

सामनची शिकार हा पाश्चात्त्यांचा मोठा शौक आहे. १९२२ साली स्कॉटलंडच्या टे नदीत जॉर्जिना बॅलंटाइन या बाईंनी ६४ पौंड वजनाचा सामन गळाने काढला. ब्रिटनमधील तो विक्रम आजही सांगितला जातो. हाच शौक घेऊन आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना हिंदुस्थानच्या नद्यांत महासीर सापडला. हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातील अधिकाऱ्याने १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहून महासीरची तुलना सामनशी केली. खाण्यापेक्षा खेळाचा मासा म्हणून त्याचे नाव झाले. दख्खनचा महासीर आपल्या कृष्णा खोऱ्यातलाच. धरणे आणि सुरुंगाची मासेमारी यांमुळे तो घटला, तेव्हा लोणावळ्याजवळ टाटांच्या वीज कंपनीने त्याची बीजे तयार करून तलावांत सोडण्याचे काम १९७० च्या दशकापासून केले. म्हणजे 'सामन' या मानाचे दावेदार आपल्याकडे खाडीतही झाले आणि नदीतही.

ताटातली तुलना

आता खाण्याकडे वळू. बाजारातील विलायती सामन बहुधा नॉर्वे, चिली किंवा स्कॉटलंडमधील पिंजऱ्यांत पोसलेला असतो. एकटा नॉर्वे वर्षाला १० लाख टनांहून अधिक असा सामन काढतो. त्याच्या १०० ग्रॅम मांसात सुमारे १३ ग्रॅम चरबी असते. रानटी अटलांटिक सामनमध्ये ती साधारण निम्मी. पॅसिफिककडे पाच मुख्य जाती आहेत. चिनूक सर्वांत मोठा व चरबीदार, सुमारे १० ग्रॅमचा. सॉकाय गडद लाल व दाट चवीचा. कोहो मध्यम. पिंक आणि चम यांत चरबी ४ ग्रॅमच्या आसपास. पिंक बहुतांशी डब्यात भरला जातो. हृदयाला हितकारक मानले जाणारे ओमेगा-३ हे सामनच्या चरबीतच असते, म्हणून डॉक्टर त्याची शिफारस करतात.

सामनचा नारिंगी रंग त्याने खाल्लेल्या लहान कवचधारी जीवांतून येतो. पिंजऱ्यातील सामनला तेच रंगद्रव्य खाद्यातून द्यावे लागते. तेव्हा अधिक रंग म्हणजे अधिक ताजा, असे समजू नये.

रावसाचे मांस पांढरे, किंचित गुलाबी झाक असलेले. चरबी कमी, प्रथिने भरपूर, काटा मुख्यतः मधला एकच; त्यामुळे मुलांना व वृद्धांना निर्धास्तपणे देता येतो. रवा लावून तळा, कोकमाच्या आंबटाची आमटी करा की बिर्याणीत घाला, तुकडा मोडत नाही. कोल्हापुरी मसाल्याचा तिखटपणा तो पेलतो. चरबीदार सामनला मात्र हा मसाला मानवत नाही. तो मीठ, मिरी, लिंबू लावून मंद आचेवर भाजला तरच खुलतो. दाढा रावसाहून जाड पदराचा, मोठ्या जेवणावळीला सोयीचा. त्याच्या पोटातील हवेची पिशवी, जिला कोळी बांधव बोत म्हणतात, ती वाळवून परदेशी जाते आणि कित्येकदा मांसाहून अधिक भाव खाते.

थोडक्यात, औषधी तेलासाठी खायचे तर सामन. आपल्या चुलीवर, आपल्या मसाल्यात खायचे तर रावस. कोणी कोणाहून हलका नाही.

धंद्याचा प्रश्न

मग रावस सामनच्या नावाने का विकायचा? आजपर्यंत ते खपून गेले, कारण खरा सामन कोल्हापुरात फारसा येतच नव्हता. पुढे तसे राहणार नाही. नॉर्वे ज्या गटात आहे त्या एफ्टा देशांशी भारताने १० मार्च २०२४ रोजी व्यापार करार केला आणि तो १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला. नॉर्वेच्या माशांवरील जकात टप्प्याटप्प्याने उतरवण्याची तरतूद त्यात आहे. नारिंगी तुकडा शेजारच्या दुकानात आला की पांढरा 'सामन' विकणाऱ्याची पत त्याच दिवशी जाईल. आणि गिऱ्हाईक एकदा फसले की ते रावसही घेणार नाही. याचा फटका हॉटेलवाल्यापेक्षा राजिवड्याच्या होडीला जास्त बसेल. शिवाय एका पदार्थाच्या नावाने दुसरा विकणे २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गुन्हा ठरते. दंड ३ लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो.

आमच्या ज्या तरुणांना या व्यापारात उतरायचे आहे त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, मासा त्याच्याच नावाने विकावा. फळ्यावर 'रावस, रत्नागिरी' असे लिहिण्यात कमीपणा नाही. दोन, घाट चढून येणाऱ्या मालाला एक किलोस एक किलो बर्फ हवाच; बर्फात वाचवलेला पैसा कुजलेल्या मालात जातो. तीन, बिनकाट्याचे तुकडे विकताना डोके, काटा व पोट वजा जाऊन जवळजवळ निम्मेच वजन उरते, तो हिशेब गिऱ्हाइकाला उघड सांगावा. चार, खरेदी करताना डोळे फुगीर व स्वच्छ, कल्ले लाल आणि बोटाने दाबलेले मांस परत वर येणारे असेल तरच माल उचलावा.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. रावस लहानपणी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे पाटीतला मोठा रावस ही उद्याच्या पिलांची आई आणि वीतभर लांबीचा रावस म्हणजे जो अद्याप आई झालेलाच नाही असा. बारीक आसाच्या जाळ्यांनी लहान पिल्ले उचलली गेली तर पुढे मोठा मासा येणार कोठून? २०२३ साली महाराष्ट्र शासनाने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकारमान ठरवून दिले ते याच हेतूने. १ जूनपासून दोन महिने यांत्रिकी नौका बंद असतात त्याचाही हेतू तोच. कोल्हापूरच्या व्यापाऱ्याने वीतभर रावस घेण्यास नकार दिला, तर किनाऱ्यावर तो पकडण्याचा मोह आपोआप कमी होईल.

परतताना आम्ही तो दोन किलोचा रावस बर्फात घालून आणला आणि त्याच स्नेह्यांना जेवायला बोलावले. या वेळी कोणी त्याला सामन म्हटले नाही. स्नेह्यांनी दोनदा वाढून घेतले आणि आखातात परतताना एवढेच विचारले, की असा रावस कोल्हापुरात खात्रीने कोठे मिळेल? त्यांना सांगण्यासारखे एकही दुकान आम्हाला सुचले नाही. ती जागा रिकामी आहे, हे आमच्या व्यापारी वाचकांनी लक्षात घ्यावे.